सैतान हरला, मग दीर पहिल्या बाकावर कसा?

पत्र: ताई, मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. मुलं दोन, दोघं शाळेत. मिस्टरांच्या नावची दोन एकर दिरांनी हक्कसोडपत्रावर माझी खोटी सही मारून स्वतःच्या नावावर करून घेतली. तेच दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात, दानाची थैली फिरवतात. पाळकसाहेब म्हणतात, “सैतान वधस्तंभावर हरलाय. क्षमा करा, प्रभूवर सोडा.” हरलाय तर मला का दिसत नाही? माझाच विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय उघडा. सगळं ख्रिस्ताच्या पायाखाली दिलंय असं लिहिणारा लेखक त्याच दमात कबूल करतो की अजून तसं आपल्याला दिसत नाही. सैतान खाली टाकला गेल्याचा जयघोष ज्या प्रकटीकरणात आहे, त्यातच वेदीखालचे हुतात्मे “किती काळ?” म्हणून ओरडतात. त्यांना कुणी अविश्वासू ठरवलं नाही, उलट शुभ्र झगे दिले.

शेतीवाडीच्या भाषेत सांगते. कोर्टाचा निकाल लागणं आणि कबजा मिळणं यांत किती वर्षं जातात, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हरलेला मधल्या काळात नांगर घालतच राहतो, वर दांडगाईही करतो. प्रकटीकरणाचा १२ वा अध्याय हेच सांगतो : आपला काळ थोडा उरलाय हे कळल्यामुळे सैतान जास्तच चवताळलाय. निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त चालू आहे, एवढंच.

म्हणजे पाळकसाहेबांचं पहिलं वाक्य बरोबर. दुसरं मात्र मला पटलेलं नाही. वधस्तंभावर ख्रिस्तानं दुष्ट सत्तांना निःशस्त्र करून त्यांचं उघड प्रदर्शन मांडलं, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. उघड! मग चर्चची अब्रू जाईल म्हणून खोटी सही झाकून ठेवणं ही कुणाची बाजू झाली? क्षमा तुमची, ती तुमच्या सवडीनं करा. जमिनीत मुलांचा वाटा आहे, तो सोडून द्यायला पाळकसाहेब कोण? जक्कय या जकातदाराच्या घरी तारण आलं ते लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला तेव्हा.

आता कागदाचं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर एक तृतीयांश बायकोचं, दोन तृतीयांश मुलांचं. मुलं असताना भावाला काही मिळत नाही. सातबाऱ्यावरचा फेरफार महसुलापुरता असतो, त्यानं मालकी ठरत नाही. फेरफाराची आणि त्या हक्कसोडपत्राची नक्कल काढा, प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा, उशीर झाल्याचं कारण अर्जात लिहा. खोट्या सहीची तक्रार पोलिसांत वेगळी द्या. फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बायकांना तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील देतात.

आणि पाळकसाहेबांना मत्तयाचा १८ वा अध्याय दाखवा. आधी एकट्यानं बोलायचं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे मांडायचं. दिरांची भीती वाटत असेल तर पहिली पायरी गाळा, आणि यासाठी अपील लांबवू नका. साक्षीदारांतला एक वकील असला तर त्याला शास्त्रात मनाई नाही.