जुनी गाडी सुरू होत नसेल, तर आधी मोजमाप करा

सकाळी स्टार्टर नुसताच टकटकतो म्हणून तुम्ही नवी बॅटरी घ्यायला निघाला आहात, पण त्याआधी एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा मीटर) हाती घ्यावा, असे मी सुचवेन. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती साधारण निम्मीच उरलेली असते. इंजिन चालू असताना हाच आकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा, आणि तो वर चढतच नसेल तर दोष अल्टरनेटरकडे (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे), त्याच्या पट्ट्याकडे किंवा जोडण्यांकडे शोधावा.

बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर फिरत नसेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून कोणाला तरी चावी फिरवायला सांगावे. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगची केबल (बॅटरीचे ऋण टोक इंजिन व गाडीच्या धातूला जोडणारी) किंवा तिचे गंजलेले टोक वीज अडवत आहे. जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो, आणि नवे भाग घालूनही तो जात नाही, कारण तिकडे कोणी पाहतच नाही. टोके घासण्यापूर्वी ऋण केबल प्रथम सोडवावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. चाचणीच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा.