द्रावण हेही मिश्रणच असेल, तर त्याला वेगळं नाव कशाला?

मुलीच्या पुस्तकात द्रावणाला मिश्रणही म्हटलंय आणि वेगळं नावही दिलंय, म्हणून तुम्ही हे विचारलंय; पण घोळ पुस्तकाचा नाही. द्रावण हे मिश्रणच, फक्त समांगी. म्हणजे वरचा घोट घ्या की तळाचा, सारखाच लागणार. जिथे तसं होत नाही ते विषमांगी मिश्रण. व्याख्या एवढीच.

आमचं घर वेंगुर्ल्याकडे, खाडीला लागून. पावसाळ्यात विहिरीत लाल माती उतरायची. आजी पितळी हंड्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून झाकण ठेवायची. सकाळी वर नितळ पाणी, तळाला लालसर थर. मे महिन्यात तीच विहीर मचूळ व्हायची. पाणी दिसायला काचेसारखं, पण तोंडात धरवत नसे. तेव्हाही मी तुरटी फिरवून पाहिली. चवीत काडीचा फरक नाही.

माती पाण्यात विरघळलेलीच नसते. तिचे बारीक कण तुरटीमुळे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. मिठाचे मात्र सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून राहतात. ते तळाला बसत नाहीत, फडक्यातूनही पाण्याबरोबर निघून जातात. मीठ हवं तर पाणीच उडवावं लागतं. शिरोड्याच्या मिठागरांत, जिथे १९३० साली सत्याग्रह झाला, तेच काम ऊन करायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि १०० ग्रॅम पाणी सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळवून ठेवू शकतं. म्हणून जवळजवळ नऊ दशांश पाणी उडून गेल्याशिवाय मीठ धरत नाही.

द्रावण पातळच असतं असंही नाही. आजीचा तो हंडासुद्धा द्रावणच, तांब्यात जस्त विरघळलेलं.

सोलकढी यात कुठे बसते, हे मुलगी विचारेलच. कोकमाचं आगळ आणि मीठ पाण्यात विरघळतं, पण नारळाच्या रसातल्या तेलाचे थेंब विरघळत नाहीत, नुसते पसरून राहतात. अशा विषमांगी मिश्रणाला कलिल म्हणतात. रात्री दिवा मालवून दोन पेले शेजारी ठेवा, एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि नारळाच्या रसाचे दोन-तीन थेंब. बाजूने मोबाइलची टॉर्च धरा. रसाच्या पेल्यात उजेडाचा पट्टा आरपार दिसेल, कारण थेंब प्रकाश विखुरतात. मिठाच्या पेल्यात तो दिसणार नाही. पण मीठ पूर्ण विरघळू द्या, घाई केलीत तर तिथेही पट्टा दिसेल.