दहा वेळा शेअर लागले नाहीत, आता तरी लागतील?

प्रश्न (सांगली, वय ३४): दहा आयपीओंना (कंपन्यांच्या पहिल्या शेअरविक्रीला) अर्ज केले, एकदाही शेअर लागले नाहीत. दर वेळी साधारण दहात एकाला लागत होते. आता माझा नंबर यायला हवा ना? पत्नी आणि आई-वडिलांचीही डीमॅट खाती उघडली तर शक्यता ४० टक्के होईल? वर्षाला लाखभर सुटले की पॉलिसीचा लाखाचा हप्ता निघेल. ‘गृहकर्जासोबत घ्यावीच लागते’ असं बँकेने सांगितलं होतं. दोन हप्ते भरलेत. विमा रक्कम १० लाख, कर्ज ३५ लाख.

उत्तर: आयपीओचं आधी उरकू. तुमचे मागचे दहा अर्ज सोडतीच्या खिजगणतीतही नसतात; अकराव्यालाही शक्यता दहात एकच. आणि दहाही वेळा हुकण्यात नवल नाही. एकदा हुकण्याची शक्यता ०.९; असे दहा ०.९ एकमेकांशी गुणले की ०.३५ येतात, म्हणजे तुमच्यासारख्या दर तिघांत एकाची हीच रड.

चार खात्यांचीही बेरीज करू नका. चारही हुकण्याची शक्यता ६६ टक्के, एक तरी लागण्याची ३४. (बेरीज चालली असती तर अकरा खात्यांना ११० टक्के झाले असते!) लॉट (एका अर्जाला मिळणारा शेअरचा किमान गठ्ठा) १५,००० चा, बाजारात पहिल्या दिवशी २० टक्के वाढ धरली तर नफा ३,०००. चार अर्जांमागे सरासरी १,२०० रुपये, करापूर्वी. लाखासाठी असे ऐंशीच्या वर आयपीओ हवेत, तेही दरवर्षी. हमखास शेअर लागतात ते ज्या आयपीओला कुणी विचारत नाही त्यात.

आता न विचारलेलं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरात १० लाख येतील आणि ३५ लाखांचं कर्ज तसंच राहील. लाख भरून दहा लाखांचं कवच, याला विमा कसला म्हणायचा? आणि कर्जाला पॉलिसीची सक्ती करताच येत नाही. अशा पॉलिसीत वर्षाला पाच-साडेपाच टक्के परतावा सुटतो. तोच लाख कर्जात भरलात तर व्याज त्याहून जास्त वाचेल.

एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या. तब्येत ठीक आणि तंबाखू नसेल तर वर्षाला १२-१५ हजारांत बसतो. अर्जात बीपी, शुगर काही लपवू नका. तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. मग सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती, हे लेखी मागा. भरलेल्या दोन लाखांतले बरेच जातील. ते वाचवायला उरलेले हप्ते भरत बसू नका.

आयपीओची हौस असेल तर करा अर्ज, शेअर लागेपर्यंत पैसे खात्यातून जात नाहीत, तिथेच अडकून राहतात. फक्त आईच्या अर्जाला तुमचा यूपीआय वापरू नका, अर्ज बाद होतो.