‘मी येतो’ म्हणणारी पोरगी आणि तळ्यातलं पिल्लू

‘मॅडम, मी बोललो की सगळे हसतात, बोलणं सुधारायचा कुठं कोर्स हाय काय?’ असं विचारणारी पोरं-पोरी माझ्याकडं समुपदेशनाला वरच्यावर येतात, बेळगाव-खानापूर-निपाणीकडची, पुण्याला शिकायला नाहीतर नोकरीला गेलेली. त्यातल्या एकीचं सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय).

खानापूर तालुक्यातली पोरगी, पुण्यात आयटीत. आपल्याकडं बायका सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, कोल्हापुरातपण म्हणतात. कन्नडात तर ‘बर्तीनि’ म्हणताना बाई-बाप्याला एकच रूप, तिथं कुणी हसत नाही. पण हिच्या टीममध्ये कुणीतरी म्हणालं, ‘मुलगा आहेस का गं तू?’ आणि ते रोजचंच झालं. मग हिनं मीटिंगमध्ये तोंड उघडणं सोडलं, घरचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायची, आणि गावी आली की ‘पुण्याची झालीस गे’ म्हणून चिडवणं वेगळंच.

दुसऱ्या सेशनला म्हणाली, शाळेच्या गॅदरिंगला ‘एका तळ्यात होती’वर नाचलो होतो, मी कुरूप पिल्लू झालेलो, आता खरंच झालोय बघा. गदिमांचं गाणं, आशाताईंचा आवाज, आपल्यात कुणाला पाठ नाही ते! म्हटलं चल, तेच गाणं नीट बघू.

मला त्यातलं ध्रुवपद कायम टोचतं. पिल्लाला कुरूप, वेडं कोण म्हणतंय? लोक, बोट दाखवून, हसून. पण तेच शब्द फिरून फिरून येतात आणि गाणारे आपण, पिल्लाची कणव येणारेसुद्धा, तालात तेच म्हणत राहतो. टोमण्याचं असंच होतं ना, चारदा कानावर पडला की तो दुसऱ्याचा राहतच नाही, आपल्याच आवाजात वाजायला लागतो. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘जिन्यात मला कुणी पाठवलं नव्हतं की.’

दुसरं म्हणजे हे गाणं ज्या गोष्टीवरनं आलंय, त्या डॅनिश लेखक अँडरसनच्या 1843 च्या मूळ गोष्टीत अख्खा हिवाळा जातो, पिल्लू मोठं होतं, पंखात बळ येतं. गाण्यात ते बदलताना दिसतच नाही, नुसतं पाण्यात बघतं, तेही चोरून, क्षणभर. चोरून! स्वतःकडं बघायचीसुद्धा चोरी. आणि भय कसं जातं, तर वाऱ्याबरोबर पळून जातं, म्हणजे भीती म्हणजे पिल्लू नव्हे, ती वेगळी कुणीतरी आहे, तिला पाय आहेत. आम्ही समुपदेशनात तासभर खपून हेच सांगत असतो.

म्हणून तिला काम दिलं, रोज स्वतःच्याच बोलीत एक व्हॉइस नोट करायची आणि ऐकायची. पहिल्या दिवशी तीन सेकंद ऐकून बंद केली म्हणे, दुसऱ्या दिवशी डबल स्पीडवर ऐकली. चालतंय की, पिल्लानंपण चोरूनच बघितलं.

पण राजहंसावर आमची गाडी अडली. ती म्हणाली, ‘मॅडम, मी कुठला राजहंस, उद्या बघितलं आणि बदकच निघालो तर?’ खरं सांगते, माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिथं ते रूपक लंगडंच पडतं, वरच्या जातीचा पक्षी निघाला म्हणून सुटला बिचारा.

पुढच्या वेळी तिनंच आणलं उत्तर. ‘आमच्या तालुक्यातनं मलप्रभा निघते, म्हादईपण निघते. एक कृष्णेला जाते, एक गोव्याला. चुकीच्या बाजूला चाललीस म्हणून कुठल्या नदीला कोण हसतंय काय?’ (म्हादईच्या पाण्यावरनं भांडणं चाललीत ती वेगळी.)

टीममधला तो अजून हसतो म्हणे. ही सांगते, आमच्याकडं असंच म्हणतात, आणि डबा उघडते. रोज जमतं असं नाही. परवा सेशनची वेळ ठरवायला तिनं टाईप केलं नाही, व्हॉइस नोट पाठवली, ‘शनिवारी अकराला येतो मॅडम’. मागं कँटीनचा कलकलाट होता.