वन्संनी आणलेला रॉकर

"मॅडम, चार महिने मी त्याला रोज त्यातच निजवलंय ओ."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत चप्पल काढता काढताच ती हे बोलली. कडेवर सात महिन्यांचं गुटगुटीत पोर, माझ्या पेनावर टपलेलं. पोर ठणठणीत होतं. झोप उडाली होती ती आईची.

तिची नणंद अमेरिकेत असते. बारशाला येताना तिनं आपल्या मुलाचा जुना रॉकर बॅगेतून आणला. पाठ तिरपी, खाली डुलणारा सांगाडा, कमरेला पट्टा. पाळण्यात किरकिरणारं बाळ यात टाकलं की गप्प. मग एका रात्री मोबाईल चाळताना तिला दिसलं, की असल्या तिरप्या झोपाळ्यांची तिकडं रिकॉलची, म्हणजे विकलेली वस्तू धोक्याची म्हणून परत मागवल्याची, नोटीस निघालीय आणि त्यात बाळं दगावलीत. टॉर्च लावून तिनं रॉकर उलटा केला. बुडाला चिकटवलेल्या लेबलवरचा मॉडेल नंबर यादीत होता.

त्या दिवसापासून तासातासाचा गजर. उठायचं, बाळाच्या नाकाखाली बोट धरायचं. घरातली सगळी खेळणी पोत्यात बांधून माळ्यावर. नवऱ्याला कारण सांगितलेलं नाही, कारण वस्तू त्याच्या बहिणीनं आणलेली.

"माझ्या मुलानं रिकॉल झालेली वस्तू वापरली, आता पुढं काय?" हा प्रश्न घेऊन येणारी ती काही पहिली नव्हे. मी आधी विचारते, धोका कशाचा होता? गुदमरण्याचा, पडण्याचा असेल तर वापर थांबला की धोका संपला, अंगात काही साठत नाही. रंगातलं शिसं निघालं असेल तर गोष्ट वेगळी. ते शरीरात साठतं. तिथं बालरोगतज्ज्ञांना दाखवून रक्त तपासून घ्यावं. हिचं प्रकरण पहिल्या जातीचं.

"हनुवटी छातीला टेकवा आणि श्वास घेऊन बघा," मी म्हटलं. तिनं केलं आणि लगेच मान वर घेतली. तान्ह्याचं डोकं जड, मान लेचीपेची. तिरप्या पाठीवर झोप लागली की डोकं पुढं कलतं, श्वासनलिका दबते. बाळ रडतसुद्धा नाही. म्हणून झोप सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर, भोवती उशा-लोड न ठेवता.

"आई म्हणतात, आम्ही तर साडीच्या झोळीत वाढवली." सासूबाईंचं खोटं नाही. पण मान झोळीतही वाकते, आणि तेव्हा झोळीची दोरी ओढत कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं. बाळ एकटं रात्रभर त्यात नसायचं.

मग मी तिला एक जुनी हकीकत सांगितली. फिशर-प्राइस कंपनीनं 'रॉक एन प्ले' नावाचा असाच तिरपा झोपाळा एप्रिल 2019 मध्ये परत मागवला. सुमारे 47 लाख नग, दहा वर्षं विकलेले. जानेवारी 2023 मध्ये तीच सूचना पुन्हा काढावी लागली, कारण रिकॉलनंतरही घरोघरी वापर चालूच होता आणि त्यातही बाळं गेली. तिचा रॉकर दुसऱ्या कंपनीचा, पण घडण तीच. लाखो शिकलेल्या घरांत तो रॉक एन प्ले होता. रिकॉलचं पत्र जातं ते ज्यानं वस्तू विकत घेऊन नाव नोंदवलं त्याला. बहिणीकडून, भावजयीकडून आलेल्या वस्तूमागं ते पत्र येत नाही.

आणि आपल्याकडं तर वस्तू हातोहात फिरते. पहिल्या दिवसांत बाळाला दुसऱ्याचं वापरलेलं झबलंच घालायचं असतं. त्याच सवयीनं वॉकर, खाट, रॉकर पण पुढं जातात. तिच्या जावेनं मागून ठेवलंच होतं, "झाला की मला दे, माझ्या भाचीला होईल." म्हणून मी तिला सांगितलं, नुसता टाकू नका, मोडून टाका. कचऱ्याच्या गाडीवरनं सुद्धा चांगली दिसणारी वस्तू कुणीतरी उचलतं.

पोतं मात्र खाली काढायला लावलं. सगळ्याच वस्तूंवर अविश्वास ठेवला की खरी धोक्याची वस्तू त्या ढिगात हरवते. खेळण्यांसाठी भारतात 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की खूण खरी की छापलेली ते कळतं. महाद्वार रोडला पथारीवर घेतलेल्या खेळण्यातल्या गाडीला ना खूण ना लेबल. तिथं आपलेच डोळे. निखळणारं चाक, बोटानं उघडणारं बॅटरीचं झाकण. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तेव्हा वाट न बघता थेट दवाखाना. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन 1915. वस्तू बाजारातून परत मागवायला लावायचा अधिकार 2019 च्या ग्राहक कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलेला आहे, पण तक्रारच कुणी केली नाही तर त्यांना कळणार कसं?

गजर एकदम बंद करा, असं मी म्हटलं नाही. आधी दोन तासांवर, मग रात्रीत एकदा. आणि नवऱ्याला सांगायचं, हे ठरलं.

तीन आठवड्यांनी आली तेव्हा तोंडावर रया होती. नवऱ्यानं ऐकून घेतलं, पट्टे कात्रीनं कापले, सांगाडा अंगणात वाकवून टाकला. कापड सासूबाईंनी पुसायला ठेवलं.

"आणि वन्सं?"

"रविवारी व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं चिडतील. त्या गप्पच झाल्या ओ. मग म्हणाल्या, माझा मुलगा सहा महिने झोपलाय त्यात. आणि रडायला लागल्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वन्सं, तुम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं?"

बोलून झाल्यावर ती जरा थांबली. मग माझ्याकडं बघून हसली, आणि पोरानं तेवढ्यात पेन पळवलं.