ओसरीतली मुलं

‘आजी भर ओसरीत रिकाम्या जागेला वळसा घालून जाते. विचारलं तर काही नाही म्हणते. तिला वेड तर लागत नाहीये ना?’

इंदूरच्या रामबागेतून ७८ वर्षांच्या आजींना घेऊन आलेला नातू विचारत होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याला मी बाहेर बसवलं. आजी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

‘अगं, मुलं दिसतात मला. चार-पाच, झालरीच्या फ्रॉकातली. दिवेलागणीला येतात.’

‘बोलतात?’

‘छे, पावलांचाही आवाज नाही. नाहीयेत ती, कळतं मला. पण लहान मुलांच्या अंगावरून कसं जायचं?’

तीन महिने त्या गप्प होत्या. माहेरच्या आत्यालाही असंच दिसायचं. तिला मांत्रिकाकडे नेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

‘नाहीयेत ती, कळतं मला’ इथेच मला धागा सापडला. आजींच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलेला आहे. डोळ्यांकडून येणारी खबर आटली की मेंदूतला दृष्टीचा भाग स्वस्थ बसत नाही, स्वतःच चित्रं रचतो. थोडंफार हे आपल्या सगळ्यांचंच चालू असतं. डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते तिथे एक आंधळा ठिपका असतो, पण मेंदू आजूबाजूचं बघून तो बुजवून टाकतो. आजींच्या मेंदूला बुजवायला फार मोठी जागा मिळाली होती. याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात.

तरी आधी डोळ्यांचे डॉक्टर आणि न्यूरॉलॉजिस्ट यांच्याकडे पाठवलंच. आवाज ऐकू येत असते, दिसतंय ते खरं वाटत असतं, विसरणं वाढलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तसं काही निघालं नाही. मग संध्याकाळी ओसरीत लवकर दिवा लावायचा, मुलं आली की डोळे थोडा वेळ डावी-उजवीकडे फिरवायचे, एवढंच ठरलं. बऱ्याच जणांची चित्रं तेवढ्यानं विरतात.

पुढच्या भेटीत नातवासमोरच १७६० सालची हकिगत सांगितली. जिनिव्हाच्या शार्ल बॉनेचे आजोबा ८९ वर्षांचे होते. नजर अधू, बुद्धी शाबूत, आणि दिसायची माणसं, पाखरं, घोडागाड्या, इमारती.

‘मग घरच्यांनी काय केलं त्यांचं?’ आजींनी विचारलं.

‘नातवानं सगळं पुस्तकात छापलं.’

आजी नातवाकडे वळल्या. ‘ऐक रे. काल त्यातली एक हिरव्या फ्रॉकात होती.’