अक्कांना विचारा : चार भोकांचं ऑपरेशन आणि वैरणीचा भारा

(बेळगावात ऑपरेशन थिएटर आणि सर्जिकल वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.)

प्रश्न : अक्का, नमस्कार. माझं वय ४४, गाव निपाणीजवळ. घरी दोन म्हशी, ऊस आणि थोडा तंबाखू. दिवाळीपासून रात्री जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पार खवाट्यापर्यंत जाते. ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन दिवस काढले. शेवटी स्कॅनिंग केलं तर पित्ताच्या पिशवीत बारीक बारीक पुष्कळ खडे निघाले. डॉक्टर म्हणतात, पिशवीच काढायची, चार भोकं पाडून, दोन-तीन दिवसांत घरी. सासूबाई म्हणतात, हुलग्याचं कढण पी, मालकांचा मुतखडा तसाच पडला होता. मालक म्हणतात, ऊस कारखान्याला गेला की बघू. सगळी पिशवी कशाला काढायची? भूल उतरलीच नाही तर? आणि नंतर म्हशीचं कोण बघणार?

उत्तर : ताई, सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण घरात त्यांचंच चालत असणार. मुतखड्याला लघवीवाटे बाहेर पडायला वाट असते. पित्ताशयातल्या खड्याची वाट म्हणजे पित्तनळी, आणि ती जेमतेम काही मिलिमीटर रुंद. तो खडा ‘पडायला’ निघाला आणि नळीत अडकला तर कावीळ होते, ताप भरतो, कधी स्वादुपिंडाला सूज येऊन माणूस आयसीयूत जातो. म्हणजे सासूबाई ज्याची वाट बघताहेत तेच आपल्याला नको आहे. त्यात तुमचे खडे बारीक, ते सटकायला जास्त सोपे. कढण खुशाल प्या, पावसाळ्यात त्यासारखं दुसरं काही नाही. औषध म्हणून मात्र त्याच्यावर राहू नका. लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन सकाळी हिरव्या गोळ्या पडल्याचे फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील. त्या गोळ्या त्या तेलाच्याच, पोटात साबणासारख्या झालेल्या. खडे असतात तिथेच असतात.

पिशवी ठेवून नुसते खडे काढले तर पुन्हा खडे होतात, कारण ते तिथेच तयार होतात. खडे विरघळवायच्या गोळ्या आहेत, पण त्या मोजक्या प्रकारच्या लहान खड्यांवरच चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्या की बऱ्याच जणांना खडे परत होतात. पिशवीवाचून अडत मात्र काही नाही. पित्तरस यकृत तयार करतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पिशवीत त्यातला ३०-५० मिलिलिटर साठतो, तोही आटवून घट्ट केलेला. पिशवी गेली की तो रस थेट आतड्यात झिरपतो.

हे ऑपरेशन नवं नाही. पहिलं १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरुवात केली. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर असायची. खोकला आला की बाई दोन्ही हातांनी पोट धरून बसायची आणि आम्ही उशी घेऊन धावायचो. ते वॉर्ड मी पाहिलेत, म्हणून दुर्बिणीला मी हात जोडते.

आता उसाचं. कळ क्वचित येत असेल, ताप नाही, कावीळ नाही, तर डॉक्टरांना विचारून सोयीची तारीख घ्यायला हरकत नाही. ऊस गेल्यावर घरात हाताखाली माणसं असतील, तेही बरंच. पण कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर महिने ढकलू नका. सुजलेली पिशवी आजूबाजूला चिकटून बसते आणि सोपं ऑपरेशन अवघड होतं. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा कळ चार-पाच तास थांबेना, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा, ऊस तोडायचा राहिला तरी.

ऑपरेशनच्या आधी रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि यकृताच्या तपासण्या होतील. खडा नळीत उतरल्याची शंका आली तर एमआरसीपी नावाचं स्कॅनिंग करतात आणि तो खडा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. रक्त पातळ करायची, शुगरची, बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटासकट दाखवा, ‘पांढरी छोटी गोळी’ म्हणून सांगू नका. भुलीआधी ६ तास अन्न नाही, २ तास पाणीही नाही. आणि निपाणीकडच्या बायकांना माझं खास सांगणं : मिश्री. ‘काही खाल्लंय का?’ विचारलं की सगळ्या ‘नाही’ म्हणतात, आणि पहाटे मिश्री लावून आलेल्या असतात. भुलीच्या डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. आधीचे काही आठवडे ती सुटली तर फुप्फुसाला आणि जखमेला दोन्हीला चांगलं. जोडवी घरीच काढून या. थिएटरच्या दारात साबण लावून सुजलेल्या बोटातून जोडवी काढण्यात आमचा फार वेळ गेलाय.

भूल पूर्ण असते. भुलीचे डॉक्टर तुमच्या उशाशीच असतात, नाडी, बीपी, ऑक्सिजन सारखं बघत. तुम्हाला वाटणारी भीती त्यांना आदल्या दिवशी बोलून दाखवा. पूर्वी भुलीचा त्रास झाला असेल, तुम्हाला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला, तर तेही सांगा.

आत काय होतं? पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात, म्हणजे काम करायला जागा होते. बेंबीपाशी एक आणि वरच्या बाजूला दोन-तीन अशी अर्ध्या ते एक सेंटिमीटरची भोकं. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिपा लावून बंद करतात, पिशवी सोडवून एका भोकातून बाहेर काढतात. साधारण तासाभराचं काम. क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात, आतच राहतात, टोचत नाहीत. आतलं नीट दिसेना तर सर्जन पोट उघडायचा निर्णय घेतात. नातेवाईक तेव्हा बाहेर ‘केस बिघडली’ म्हणून रडारड करतात. खरं तर नीट न दिसता कापणारा सर्जनच घातक. उघडं ऑपरेशन झालं तर दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागतं आणि पूर्ववत व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. धोकेही सांगते : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त गळणं, आणि हजारात तीन ते पाच जणांत मुख्य पित्तनळीला इजा. हा शेवटचा धोका कमी आहे, पण झाला तर मोठा आहे. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन बघा.

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवेल, मळमळेल, आणि उजवा खांदा दुखेल. खांदा दुखला की नवरे हार्ट अटॅक म्हणून सिस्टरला ओढत आणतात. पोटातल्या वायूमुळे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या नसा डिवचल्या जातात, त्याची ती दुखणी. चाललं की एक-दोन दिवसांत ओसरतात. छातीत दाब आला किंवा धाप लागली तर मात्र लगेच सांगायचं. त्याच संध्याकाळी धरून उठवतील, घोट घोट पाणी देतील. दुसऱ्या दिवशी पेज, मऊ भात, इडली.

आणि आता म्हशी. या ऑपरेशनची एकच खोड आहे : बाहेरून काही दिसत नाही. शेजारणी बघायला येतात, पट्ट्या बघतात आणि ‘एवढंच होय?’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी बाई चुलीपुढे आणि आठव्या दिवशी डोक्यावर भारा. बेंबीच्या भोकाखालचा थर आत शिवलेला असतो, तो भरून यायला वेळ लागतो. चार ते सहा आठवडे वैरणीचा भारा, पाण्याची घागर, दुधाचा कॅन, ओल्या धुण्याची बादली, काही उचलायचं नाही. नाहीतर तिथे हर्निया होतो आणि पुन्हा थिएटर. चालणं पहिल्या दिवसापासून, जिने चढायला हरकत नाही, हलका स्वयंपाक आठवड्याने. धार काढायला उकिडवं बसणं दोन आठवड्यांनंतर, तेही दुखत नसेल तर. नवराबायकोचे संबंधही तसेच, दुखायचं थांबल्यावर. हे पत्र मालकांना वाचायला द्या, म्हशीचं तेवढे दिवस त्यांनीच बघायचं.

अंघोळ बहुतेक ठिकाणी दोन दिवसांनी करू देतात, भोकं चोळायची नाहीत, कोरडी टिपायची. टाके विरघळणारे नसतील तर सात-दहा दिवसांनी काढतात. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट जड होतं, पाणी भरपूर प्या. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, पिवळे डोळे, चहासारखी लघवी, पांढुरकी शौच, भोकातून पू, यातलं काहीही झालं तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

कागदांचं बोलते आणि पुढच्या पत्राकडे वळते. आपल्याकडे संमतीपत्र कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतं. न वाचता अंगठा किंवा सही नको. सिस्टरला ‘मराठीत सांगा’ म्हणायचं, बेळगावात मराठी बोलणारं कोणी ना कोणी वॉर्डात असतंच. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्यांचंही तसंच. आणि खडे! प्लॅस्टिकच्या डबीत घालून देतात, लोक ती फडताळात जपून ठेवतात आणि पाहुण्यांना खुळखुळ वाजवून दाखवतात. काढलेली पिशवी मात्र तपासायला पाठवायची असते आणि तिचा रिपोर्ट न्यायला कोणी फिरकत नाही. क्वचित त्यात कॅन्सर सापडतो. डबी विसरलात तरी चालेल, रिपोर्ट घ्या.

खर्चाचं : आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कार्डावर पॅकेजचा ३० टक्के वाटा. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथली रेफरल चिठ्ठी लागते. थेट खासगीत भरती होऊन मग कार्ड काढलंत तर उपयोग होत नाही. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी फोन करून तुमचं कार्ड चालतं का ते विचारा.

प्रश्न : खानापूर तालुक्यातून लिहितोय. वय ३८. दोन महिन्यांपूर्वी पित्ताशय काढलं. जेवलं की लगेच संडासला पळावं लागतं. पुढच्या महिन्यात गावची यात्रा आहे. मटण खाऊ का?

उत्तर : दादा, काही जणांना असं होतं. पित्त आता साठून न राहता सारखं आतड्यात येतं आणि मोठ्या आतड्याला चाळवतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत बसतं. तोवर एकदम ताटभर न जेवता थोडं थोडं चार वेळा जेवा, तळलेलं आणि सायीचं दही कमी, चहा-कॉफी बेताची. तरीही थांबेना तर डॉक्टरांकडे पित्त बांधून ठेवणारी औषधं आहेत, लाजून सोसत बसू नका. रात्री झोपेतून उठावं लागत असेल, रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधीच जा.

यात्रेचं मटण खा. वरचा कट बाजूला काढा, दोन-चार फोडी घ्या, आणि पैरा फेडल्यासारखं प्रत्येक पाहुण्याच्या घरी बसू नका. जन्मभर पथ्य नसतं. पूर्वीसारखीच कळ परत आली आणि डोळे पिवळे दिसले, तर नळीत राहून गेलेला खडा असू शकतो. तेव्हा यात्रा सोडून दवाखाना.

प्रश्न : आमच्या आजीचं (७६) दुसऱ्याच कारणासाठी अथणीत स्कॅनिंग केलं, त्यात पित्ताशयात एक खडा दिसला. तिला काहीच त्रास नाही. ऑपरेशन करून टाकावं का?

उत्तर : त्रास नसलेले खडे बहुतेकांना शेवटपर्यंत त्रास देत नाहीत. नुसता खडा दिसला म्हणून सहसा ऑपरेशन करत नाहीत. अपवाद आहेत : खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असणं, पिशवीच्या भिंतीत चुना साठणं, पिशवीत १ सेंटिमीटरचा किंवा मोठा कोंब (पॉलिप) असणं, रक्तपेशी फुटण्याचे काही आजार. रिपोर्टमध्ये यातलं काही आहे का, हे सर्जनला दाखवून विचारा. ‘काढायचं’ म्हणाले तर ‘का?’ हेही विचारा, उत्तर द्यायला त्यांची हरकत नसते. रिपोर्ट जपून ठेवा. आणि आजीला एकदा एकटीला गाठून विचारा, जेवल्यावर खवाट्यात दुखतं का. सुनांच्या देखत म्हाताऱ्या बायका ‘काही नाही’च म्हणतात.